नर पिल्लासाठी जुन्या वळणाचं नाव सुचवा (मोत्या चालणार नाही, कारण आत लिहिलंय)

धुऱ्यावरचा

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात, टिपेश्वरच्या जंगलापासून फार लांब नाही. पोळ्यानंतर आमचा म्हातारा कुत्रा गेला. चौदा वर्षं वावर राखलं त्यानं. तेव्हापासून रोही (नीलगायी) आणि डुकरं बिनधास्त झाली. यंदाचा हरभरा त्यांनी खाल्ला, आमच्याकडं कुटार आलं. त्या कुत्र्याचं नाव टायगर होतं, मी कॉलेजात असताना ठेवलेलं. बाबांना ते कधी पटलं नाही, ते शेवटपर्यंत त्याला 'टाय्या' म्हणत.

परवा साळ्याच्या गावाहून पिल्लू आणलं. नर, गावठी, दत्तजयंतीच्या आसपास जन्मलेलं, म्हणजे दोन महिन्यांचं. पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे चट्टे, आणि दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तांबडा टिपका. डावा कान उभा राहतो, उजवा अजून पडलेला आहे. बाबांनी सांगून ठेवलंय, "या खेपेस कुत्र्याले कुत्र्यासारखं नाव ठेव. टायगर-फायगर नको."

आता अडचण. पहिलं नाव कोणालाही सुचतं ते मोत्या. तर आमच्या आबाजींचं नाव मोतीराम. आबाजी जाऊन वीस वर्षं झाली, पण आजीनं त्यांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. आई त्यांची सून, तीही घेत नाही. आजी म्हणाली, "तुह्या आबाजीचं नाव मी सकाळ-संध्याकाळ कुत्र्याले घेऊ का?" मोत्या बाद.

राजा म्हणावं तर तो गोठ्यात बांधलाय, सर्जाच्या शेजारी. खंड्या म्हणावं तर आमच्या धुऱ्याला धुरा असलेल्या काकाजींचं नाव खंडूजी, आणि त्यांच्याशी दोन तासांच्या, म्हणजे दोन ओळींच्या, जमिनीवरून बोलणं बंद आहे. उद्या मी 'खंड्या, हाड' म्हणालो की तलाठ्यापर्यंत जाईल.

तर जुनं, आपल्या भाषेतलं, वावरातून हाक मारता येईल असं नाव सांगा. रॉकी, ब्रूनो, सिंबा सांगणाऱ्यांना आधीच नमस्कार.

मिरचीठेचा

आजींना सांगा, उखाण्यात घ्या म्हणावं. "भाकरीचा तुकडा टाकते अंगणात, मोतीराम कुठं बसले रानात."

धुऱ्यावरचा

@मिरचीठेचा, हे मी आजीला वाचून दाखवणार नाही. मला याच घरात राहायचं आहे.

संत्राबाग

राजाचं तुम्ही नीट ओळखलं. आमच्याकडं (वरूडकडचा आहे मी) बैलही राजा आणि कुत्राही राजा अशी दोन वर्षं काढली. कपाशीत डवरणी चालू होती. धुऱ्यावरून पुतण्यानं कुत्र्याला हाक मारली, "राजा, ये इकडं!" कुत्रा पळसाखाली झोपला होता, तो हललाही नाही. बैल मात्र आज्ञाधारक. तास सोडून सरळ पोराकडं निघाला, डवऱ्यासकट. मागे माझा भाऊ "अबे थांब, तुले नाही!" म्हणत ओढत. दोन तासं कपाशी आडवी झाली.

नंतर कुत्र्याचं नाव बदलायला गेलो तर तो ऐकेना. मग बैलाचं बदललं.

सांदवाडी

धागाकर्त्यांच्या आजी आणि आई, दोघींना माझा पाठिंबा. पुरुष मंडळी नाव ठेवून मोकळी होतात, कुत्र्याला दिवसातून पाचदा हाक मारावी लागते ती घरातल्या बाईला.

माझ्या सासरी (अमरावती जिल्हा) कुत्रा होता, पांड्या. पांढरा म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. आमच्या मामाजींचं नाव पांडुरंग, पण गावात सगळे त्यांना पाटीलच म्हणायचे, त्यामुळे पोरांच्या लक्षातच आलं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा कुत्र्याचं नाव पक्कं झालेलं. सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही हे आईनं बजावून पाठवलेलं. मी त्याला ढवळ्या म्हणायची, तो बघायचाही नाही.

एकदा अक्षय्य तृतीयेला पुरणपोळ्यांची दुरडी सांदवाडीच्या (परसाच्या) दाराशी ठेवली होती. मी चुलीवर, हात पिठाचे. बघते तर हा दुरडीत तोंड घालतोय. ओरडू काय? तोंडातून निघालं, "अहो ए! मामाजींचं नाव! हाड! मामाजींचं नाव, हाड!" ओसरीवर मामाजी सुपारी कातरत बसले होते. ते अडकित्ता तसाच हातात घेऊन आत आले, "काय झालं सूनबाई, मी काय केलं?" कुत्रा दोन पोळ्या घेऊन कुडावरून पसार.

त्या दिवशी मामाजींनीच सांगितलं, घे नाव, कुत्र्याचं म्हणून घे. तरी मला वर्ष लागलं. म्हणून सांगते, आधी बघा भाकर कोण टाकणार आहे. तिच्या तोंडात बसलं पाहिजे.

मिरचीठेचा

मामाजींचं नाव, हाड! 😂 मी ऑफिसात मोठ्यांदा हसलो.

निवृत्त_गुरुजी

धागा आवडला. मी कारंजा लाडचा. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, त्यामुळे लहानपणापासून दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री बघत आलो. ते चार वेद, असं आमचे वडील सांगत. मी विचारायचो, त्यातला ऋग्वेद कोणता? चपराक मिळायची.

पिल्लू दत्तजयंतीचं आहे म्हणून कोणी तरी 'दत्त्या' सुचवेलच. ते करू नका. देवाचं नाव घेऊन हाड म्हणता येत नाही, आणि कुत्र्याला दिवसातून एकदा तरी हाड म्हणावंच लागतं.

जुनं म्हणजे किती जुनं हवंय? महाभारताच्या आरंभी जनमेजयाचे भाऊ एका पिल्लाला विनाकारण मारतात, आणि त्याची आई सरमा यज्ञात येऊन जाब विचारते. शेवटी महाप्रस्थानात युधिष्ठिर कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात जायला नकार देतो. एवढं मोठं महाभारत, दोन्ही टोकांना कुत्रं, आणि व्यासांनी दोघांपैकी कोणालाही स्वतःचं नाव दिलेलं नाही. पहिला नुसता सारमेय, म्हणजे सरमेचा मुलगा. दुसरा नुसता श्वान.

माणसांना मात्र कुत्र्यांची नावं दिली आहेत. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्त ऋषीचे तीन मुलगे येतात: शुनःपुच्छ, शुनःशेप, शुनोलांगूल. तिन्ही नावांचा अर्थ एकच, कुत्र्याचं शेपूट. आजकाल शहरात मुलाचं नाव शौनक ठेवतात, तेही शुनक म्हणजे कुत्रा यावरूनच आलंय. माझ्या एका नातेवाइकांना मी हे बारशाच्या दिवशी सांगितलं, तेव्हापासून त्यांचा फोन नाही.

कुत्र्यांची म्हणून फार जुनी नावं ऋग्वेदाच्या परंपरेत आहेत. यमाची दोन कुत्री, श्याम आणि शबल. दहाव्या मंडलात त्यांना चतुरक्ष म्हटलंय, चार डोळ्यांचे. डोळ्यांवर टिपके असलेल्या कुत्र्याला असं म्हणत असावेत, असं बरेच जण मानतात. पारशी लोकांच्या अंत्यविधीतही अशाच चार डोळ्यांच्या कुत्र्याला मृताजवळ आणायची चाल होती. तुमच्या पिल्लाला टिपके आहेत म्हणून आठवलं.

संत्राबाग

गुरुजी, दोन महिन्यांच्या लेकराला डायरेक यमाच्या दारात नेऊन बसवलं तुम्ही.

पुण्यात_नागपूरकर

वाघ्या! यापेक्षा अस्सल मराठी नाव नाही. रायगडावरची समाधी बघा. इमानदारीचं प्रतीक.

निवृत्त_गुरुजी

नाव अस्सल आहे, पण रायगडाच्या गोष्टीला शिवकाळातल्या कागदपत्रांचा आधार नाही. ते स्मारक 1936 सालचं आहे. 2011 साली पुतळा हटवला गेला, परत बसवला गेला, वाद अजून मिटलेला नाही. वाघ्या या शब्दाला त्याहून जुना अर्थ आहे, खंडोबाला वाहिलेला माणूस. वाघे स्वतःला देवाचे कुत्रे मानत, त्याच्यापुढं भुंकत. म्हणजे आधी माणूस वाघ्या, मग कुत्रा वाघ्या.

पुण्यात_नागपूरकर

आधार नाही म्हणजे काय? लोकांची श्रद्धा

संपादक मंडळ

रायगडाच्या वादासाठी वेगळा धागा आहे. इथं पिल्लाचं नाव.

ताडोबाकाठ

वाघ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, नाहीतर मी फक्त भाव-बाजार बघायला येतो.

आमचं गाव ताडोबाच्या बफरमध्ये. आमच्या कुत्र्याचं नाव वाघ्याच होतं, आजोबांच्या काळापासून घरात प्रत्येक कुत्रा वाघ्या. चैत्रात सकाळी अंधारात बाया मोहफुलं वेचायला जातात. कुत्रा त्यांच्या मागं गेला म्हणून माझ्या काकानं नाल्याच्या अलीकडून हाक मारली, "वाघ्याऽऽ! वाघ्या आला का तिकडं?"

लांबून 'या' ऐकू येत नाही. 'वाघ' ऐकू येतो आणि 'आला' ऐकू येतो.

टोपल्या तिथंच टाकून सगळ्या पळाल्या. एकीचा पाय मुरगळला. गावात बातमी आली, मग फटफट्या निघाल्या, मग वनरक्षक आला. आणि आमचा वाघ्या त्या सांडलेल्या मोहफुलांत लोळत होता. काकाला त्या बायांनी जे ऐकवलं ते इथं लिहिलं तर संपादक मंडळ परत येईल.

तुम्ही टिपेश्वरजवळ आहात. हे नाव ठेवू नका. टायगर ठेवलं होतं तेही वाघ्याच हो, फक्त साहेबाच्या भाषेत. तेव्हा तुमच्याकडं वाघ कमी होते म्हणून निभलं.

अजून एक, नावाशी संबंध नाही तरी सांगतो. जागलीला कुत्रा नेला तर साखळीनं बांधून झोपू नका. बांधलेला कुत्रा बिबट्याला आयतं ताट. मोकळा असला तर पळतो, ओरडतो, तुमच्या माळ्याखाली येऊन बसतो.

पुण्यात_नागपूरकर

मग 'वॉकर' ठेवा. टिपेश्वरचाच तो वाघ ना, 2019 साली निघाला आणि चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला? तेराशे किलोमीटरच्या वर चालला होता.

ताडोबाकाठ

@पुण्यात_नागपूरकर, घर राखायला आणलंय. तेराशे किलोमीटर जायला नाही.

गुरांचा_डॉक्टर

नाव ठेवा काहीही, आधी पार्वो-डिस्टेंपरची लस दिली का? आठवड्याभरात द्या. गावठी पिलं काटक असतात हे खरं, पण पार्वोत दोन दिवसांत जातात. रेबीजची पहिली लस तीन महिने भरले की, मग बूस्टर, मग दरवर्षी. जंताचं औषध पण. आणि झुणका-ठेच्यातला कांदा-लसूण त्याला नको, कुत्र्याला ते विष आहे.

नावाबद्दल अनुभव एवढाच की दोन अक्षरी, फार तर तीन. घरातल्या कोणाशी मिळतंजुळतं नको. आणि नाव घेऊन मारू नका, रागवू नका. नाव घेतलं की काही तरी चांगलं होतं, एवढं त्याला कळलं पाहिजे. भाकरीचा तुकडा हातात धरून नाव घ्या, तीन-चार दिवसांत वळून बघायला लागतो. घरात चार जण चार नावांनी बोलावत असतील तर दोष पिल्लाचा नाही.

निवृत्त_गुरुजी

डॉक्टरांच्या दोन अक्षरांत एक भर. आपली सगळी जुनी नावं बघा: मोत्या, वाघ्या, खंड्या, टिप्या, लाल्या, काळ्या, भुऱ्या. शेवटी 'या'. मूळ शब्द मोती, पण हाक मारायला मोत्या. 'आ'ला तोंड पूर्ण उघडतं आणि श्वास संपेपर्यंत ताणता येतं. चार एकर पलीकडं जाणारी हाक अशी हवी. हाच 'या' माणसाला लावला की भांडण होतं. पांडुरंगाला पांड्या म्हणून बघा. कुत्र्याला लावला की लाड होतो.

सांदवाडी

गुरुजी, पांडुरंगाला पांड्या म्हणून बघा हे तुम्ही मला सांगताय? 🙏

निवृत्त_गुरुजी

क्षमस्व वहिनी. विसरलो.

मिरचीठेचा

टिप्या ठेवा ना. डोळ्यांवर टिपके, टिपेश्वरही जवळ. दोन पक्षी.

संत्राबाग

चांद्या, हिऱ्या, लाल्या. आमच्या आत्याकडं तर 'भाड्या' होता, पण ते नाव नसून शिवी होती, त्याला फरक कळला नाही.

ताडोबाकाठ

चांद्याला माझं मत. आमच्या जिल्ह्याचं जुनं नावच चांदा.

धुऱ्यावरचा

सगळ्यांचे आभार. लस दिली, डॉक्टरसाहेब. कांदा बंद केला. काल संध्याकाळी आजीच्या हातचा तूप लावलेला रोडगा खाल्ला त्यानं, अर्धा ओसरीवर आणि अर्धा माझ्या चपलेत लपवला.

टिप्या मला फार आवडलं. चांद्याही. पण कपाळावर चांद नाही, उगाच खोटं कशाला. तीन दिवस टिप्या-टिप्या करून बघतो, मग सांगतो.

गुरुजी, श्याम आणि शबल बाबांना सांगितलं. श्याम आमच्या जावयाचं नाव. शबल म्हणजे काय विचारत होते.

निवृत्त_गुरुजी

शबल म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा, चट्ट्यापट्ट्यांचा. रंग मिसळलेला. आपल्याकडं कबरा म्हणतात तोच.

धुऱ्यावरचा

होळी झाली, आता लिहायला वेळ मिळाला. धागा वर आणल्याबद्दल माफी.

टिप्या चाललं नाही. भाकर दाखवली की यायचा, पण तसा तो भाकर दाखवून काहीही म्हटलं तरी येतो. 'ग्रामपंचायत' म्हणून बघितलं, आला. आई त्याला 'बाळ' म्हणत होती, बाबा हट्टानं मोत्या. पोरगी शाळेतून येऊन रोज नवीन नाव ठेवायची. डॉक्टरांचं ते चार नावांचं वाक्य मी घरात मोठ्यांदा वाचून दाखवलं, सगळ्यांनी माना हलवल्या आणि परत आपापलं चालू.

मागच्या रविवारी दुपारी गोठ्यात होतो. पिल्लू कुटाराच्या ढिगावर चढून झोपलेलं, भाकर नाही, काही नाही. आजी आत तुरी पाखडत होती. आतूनच, मान वर न करता म्हणाली, "कबऱ्याऽ, कोंबड्या हाकल रे."

झोपेतून उठलं ते. आधी उभा कान वळला, मग पडलेला. ढिगावरून घसरत, कोलांटी खात खाली आलं आणि सरळ सुपाजवळ जाऊन उभं. कोंबड्या हाकलल्या नाहीत, एक तूर उचलून चावून बघितली. पण गेलं ना!

मी आजीला विचारलं, तू याला कबऱ्या कधीपासून म्हणतेस? म्हणे, "आणला तवापासून. कबरा हाय तं कबऱ्याच म्हणीन ना, काय जिल्हाधिकारी म्हणू?" दीड महिना आम्ही सगळे ऐकत होतो आणि आम्हाला वाटायचं आजी रंग सांगते.

मग मला गुरुजींची ती प्रतिक्रिया आठवली. शबल म्हणजे कबरा. आजीला अक्षरओळख नाही, ऋग्वेद तर दूरच. तिला सांगितलं, हे यमाच्या कुत्र्याचं नाव आहे. म्हणाली, "बरं हाय मंग. वरती गेल्यावर वयखीचा निंघन."

निवृत्त_गुरुजी

आजींना माझा साष्टांग सांगा.

सांदवाडी

जिल्हाधिकारी म्हणू का 😂😂 किती गोड. बाबा तयार झाले का पण?

धुऱ्यावरचा

बाबा अजून हळूच मोत्या म्हणतात, आजी जवळ नसली की. तो त्यांच्याकडंही जातो, कारण त्यांच्या खिशात शेंगदाणे असतात.

पण एक नवीन घोळ झालाय. रेबीजची लस द्यायला त्याला घेऊन गेलो. कार्ड भरताना तिथल्या भाऊंनी नाव विचारलं. मी सांगितलं कबऱ्या. पिंजऱ्यात कोणाची तरी शेळी ओरडत होती, त्यांना नीट ऐकू आलं नाही. घरी येऊन बघतो तर कार्डावर लिहिलंय 'काबरा', आणि खाली मालक म्हणून माझं नाव. पोरगीनं ते वाचलं, शाळेत सांगितलं, आणि आता गावातली सगळी पोट्टी त्याला 'काबराशेठ' म्हणून रायली.

आमच्या तालुक्याच्या बाजारात ज्यांच्याकडून मी दरवर्षी उधारीवर बियाणं-खत उचलतो, त्या दुकानावर याच आडनावाची पाटी आहे. खंडूजी परवडले असते. पुढच्या महिन्यात सोयाबीनचं बियाणं बघायला जायचं आहे, आणि हा हल्ली गाडीच्या मागं मागं तालुक्यापर्यंत येतो.

मिरचीठेचा

जाताना आजींना सोबत न्या.